एक नियम बदला, मग पुढचं सगळं बघा: कल्पित जगं पटतात कशी?

शाईचा डाग (धागाकर्ता)

कथेसाठी किंवा खेळासाठी नवं जग रचायला बसलेला माणूस आधी काय करतो? नकाशा काढतो. मग राजघराण्यांच्या वंशावळी, देवांची यादी, चार राज्यांचे झेंडे, दोन भाषांतली नावं. वही भरत जाते. आणि वाचणारा दहाव्या पानावर म्हणतो, "छान आहे, पण पटत नाही." ही तक्रार इथे वेगवेगळ्या धाग्यांवर इतक्यांदा आली आहे की एकदाचं सगळं एका जागी बोलून घ्यावं म्हटलं.

माझं म्हणणं असं आहे की वही भरल्याने जग पटत नाही. ते पटतं परिणामांनी. आपल्या जगातला एखादा नियम मोडून तुम्ही तिथे दुसरा बसवलात, तर त्यामुळे आणखी काय काय हललं असतं त्याचा माग शेवटपर्यंत काढावा लागतो. बहुतेक लेखक पहिल्याच वळणावर थांबतात.

निरोपाचंच घ्या. लेखक सहज लिहून जातो की या जगातले जादूगार हजार कोसांवरून एकमेकांशी मनातल्या मनात बोलतात. दोन प्रकरणांनंतर हल्ल्याची खबर घेऊन धुळीने माखलेला घोडेस्वार दरबारात कोसळतो! आता या बिचाऱ्याला कशाला पळवलंत? खऱ्या इतिहासात संथ निरोपाने काय काय घडवलंय ते पाहा. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातलं युद्ध थांबवणाऱ्या तहावर २४ डिसेंबर १८१४ रोजी युरोपातल्या गेंट इथे सह्या झाल्या. ती बातमी अटलांटिक ओलांडून पोचायच्या आत, ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सची लढाई होऊन गेली. ब्रिटिशांची दोन हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. अटलांटिकखालून टिकाऊ तार पडली ती १८६६ मध्ये. तोवर बातमीचा वेग म्हणजे जहाजाचा वेग.

राजदूताला जागेवर निर्णय घ्यायची एवढी मुभा का असे, लांबच्या प्रांताचा सुभेदार स्वतःला राजा का समजू लागे, व्यापारी परमुलखातल्या पेढीवर सख्खा भाऊच का बसवत, या सगळ्याच्या मुळाशी तोच संथ निरोप आहे. मनाने बोलणारे जादूगार आणलेत की हे सगळं जग उचलून बाजूला ठेवावं लागतं. त्या जागी निरोप मधेच चोरून ऐकणारे येतील, खोटे निरोप पेरणारे येतील, आणि जादूगार ठेवायची ऐपत नसल्यामुळे बाजारभाव चार दिवस उशिरा कळून दरवेळी बुडणारा लहान व्यापारी येईल. मला त्या व्यापाऱ्याची गोष्ट वाचायला आवडेल.

आता माझं जग. बदल एकच केलाय. माणूस मेल्यावर तीन दिवसांच्या आत त्याच्याशी एकदाच, अर्धा तास बोलता येतं. कुणालाही जमतं, मंत्रतंत्र लागत नाही. प्रेताच्या कपाळावर हात ठेवायचा की अर्धा तास सुरू. बाकी सगळं आपल्यासारखंच, काळ छापखाना नुकताच आलाय असा. यातून काय काय निघेल? भोकं दाखवा, हातचं राखू नका.


नदीकाठ

कल्पना झकास आहे, प्रेतांकडे नंतर येतो. आधी नकाशावाल्यांची बाजू मांडतो, कारण तुम्ही नकाशा काढणाऱ्यांना उगाच झोडपलंत. नकाशासुद्धा परिणामांचीच साखळी असते. लोक तो चित्र म्हणून काढतात ही खरी अडचण.

नद्या घ्या. नवशिक्याच्या नकाशात एक नदी डोंगरातून निघते, मैदानात तिचे तीन फाटे होतात आणि तीन समुद्रांना मिळतात. खऱ्या नद्या बहुतेक उलट वागतात: लहान प्रवाह एकत्र येत जातात. फाटे फुटतात ते मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात, जिथे उतार संपलेला असतो आणि गाळ साचलेला असतो. तलावातून बाहेर पडणारी वाट सहसा एकच असते, कारण जी वाट सगळ्यात खाली असते तीच पाणी खोदत जातं आणि बाकीच्या कोरड्या पडतात. आणि बाहेर वाटच नसेल तर पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात, तलाव खारा होतो. मृत समुद्र, कॅस्पियन ही त्याची उदाहरणं. त्यामुळे "चहूबाजूंनी डोंगर, मधे वाट नसलेलं गोड्या पाण्याचं सरोवर" लिहिलंत तर माझ्यासारखा माणूस तिथेच अडकून बसतो.

वाळवंटंही अशीच कुठेही टाकता येत नाहीत. विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा पाऊस तिथेच पाडते आणि कोरडी होऊन साधारण तीस अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. सहारा आणि अरबस्तान त्या पट्ट्यात येतात. शिवाय डोंगर असेल तर वारा ज्या बाजूने येतो ती बाजू ओली, पलीकडची कोरडी. याचं माझं लाडकं उदाहरण अँडीज. एकच डोंगररांग. उत्तरेकडच्या भागात वारे पूर्वेकडून येतात म्हणून पश्चिमेला अटाकामा वाळवंट (तिथला समुद्राचा थंड प्रवाहही त्याला हातभार लावतो). तीच रांग दक्षिणेकडे गेली की वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे चिलीच्या बाजूला घनदाट ओली जंगलं आणि पूर्वेला पॅटागोनियाचा कोरडा माळ. हे एकदा डोक्यात बसलं की तुमच्या जगात गहू कुठे पिकेल, गुरं कुठे चरतील आणि कोण कुणावर धाड घालेल हे नकाशाच सांगायला लागतो. मग वंशावळी काढा की हव्या तेवढ्या.


वाटाड्या

नदीकाठराव, दक्षिण अमेरिकेतली कासिक्वारे नदी विसरलात. ओरिनोको नदीतून ती फुटते आणि पुढे रिओ नेग्रोमार्गे ॲमेझॉनला जाऊन मिळते. ऐन वाहत्या नदीला फाटा! जर्मन संशोधक-प्रवासी हम्बोल्ट १८०० मध्ये स्वतः तिच्यातून गेला होता.


नदीकाठ

विसरलो नाही, कुणी काढतंय का याची वाट बघत होतो. :) अपवाद असावेतच. पण बघा, त्या फाट्याची बातमी युरोपात पोचली तेव्हा भल्याभल्या भूगोलज्ञांनी तो मानायलाच नकार दिला होता. तुमच्या जगात फुटणारी नदी असेल तर तिथल्याही लोकांना ती विचित्र वाटू दे. दोन राज्यं त्या फाट्यावरून भांडू देत, एखाद्या पंथाला तिथे देव दिसू दे.


फासेपुराण

मी खेळांच्या बाजूने लिहितो. गेली बरीच वर्षं मित्रमंडळींसाठी टेबलावरचे भूमिका-खेळ चालवतोय आणि पोटापाण्यासाठी संगणक खेळांच्या कथा लिहितोय. वाचक आणि खेळाडू यांच्यात एक मोठा फरक आहे. वाचक तुम्ही दाखवाल तिकडे बघतो. खेळाडू तुम्ही दाखवलं नाही तिकडे आधी जातो. त्याला दार दाखवलंत की तो भिंतीवर कुदळ मारून बघतो.

म्हणून खेळात "परिणाम" हा शब्द फार महाग पडतो. एक नेहमीचा प्रसंग सांगतो. गावातली एक बाई रडतेय, मूल तापाने फणफणलंय, सात डोंगरांपलीकडची मुळी आणून द्या म्हणतेय. आणि खेळाडूच्या पिशवीत तलवारीचे वार क्षणात भरून काढणाऱ्या औषधाच्या चाळीस कुप्या! तो एक कुपी बाईला द्यायला बघतो, खेळ देऊ देत नाही. जग तिथे मेलं. यावर दोन प्रामाणिक उपाय आहेत. एक तर कुपी देऊ द्या आणि मूल बरं होऊ द्या, खेळाडूला हुशारीचं फळ मिळू द्या. नाहीतर ते औषध जखमेवर चालतं पण तापावर चालत नाही, हे त्या बाईच्या आधी कुठेतरी, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून कळू द्या. ऐनवेळी सांगितलेला नियम हा पळवाटच वाटतो.

मेलेल्याला उठवणारी जादू तर माझं जुनं दुखणं. राजाचा खून झालाय म्हणून राज्यभर गोंधळ, आणि चौकातल्या मंदिरात ठराविक सोनं भरलं की मेलेला माणूस उठतो. मग राजाला का नाही उठवत? याचं उत्तर शोधायला बसलात तर उलट फार छान गोष्टी सापडतात. कदाचित राणीलाच तो उठायला नको असेल. कदाचित उठलेल्या माणसाला कायद्याने गादीवर हक्क नसेल, कारण मृत्यूच्या क्षणीच वारसा लागू झाला.

सोन्याबद्दलही थोडं. खेळात प्रत्येक राक्षस मारला की नाणी पडतात. ही नाणी येतात कुठून? शून्यातून. मग हजारो खेळाडू असलेल्या खेळात काही महिन्यांत साध्या टोपीची किंमत गगनाला भिडते. म्हणून रचनाकारांना पैसा बाहेर काढायच्या वाटाही ठेवाव्या लागतात: हत्यारांची दुरुस्ती, प्रवासभाडं, बाजारातली दस्तुरी. आम्ही त्याला नळ आणि मोरी म्हणतो. कथा लिहिणारे मात्र ड्रॅगनची गुहाभर दौलत एका गावात ओततात आणि गावात काहीच होत नाही! १३२४ मध्ये मालीचा राजा मन्सा मुसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने एवढं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. काही वर्षांनी कैरोत आलेल्या अल-उमरी या अरब इतिहासकाराने लिहून ठेवलंय की बारा वर्षं उलटली तरी भाव सावरला नव्हता. ड्रॅगन मारून परतलेल्या वीराचा गावात आधी सत्कार होईल, आणि सहा महिन्यांनी धान्य महागलं म्हणून त्याच्या दारावर दगड पडतील.


मोरपिशी

वाचनखूण साठवली. दगड पडतील हे वाचून फुटले.


उगाचच

सगळ्यांच्या विद्वत्तेला नमस्कार करून विरोध नोंदवतो.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींमध्ये झाडं बोलतात, राक्षसाचा प्राण पोपटात असतो, राजकन्या फळातून निघते. कुणीही विचारत नाही की पोपटाला खायला कोण घालतं. त्या गोष्टी शेकडो वर्षं टिकल्या. तुमची अक्षांश-रेखांश लावलेली, भावनिर्देशांक काढलेली जगं किती टिकतील? पटणं म्हणजे हिशोब जुळणं हे मला मुळात मान्य नाही. स्वप्नात हिशोब जुळत नाही, तरी घाम फुटतो.


शाईचा डाग

उगाचच, तुमच्या विरोधाची वाट बघतच होतो. अर्धा मान्य.

पोपटातल्या प्राणाला भूगोल लागत नाही, पण नियम लागतोच, आणि तो फार कडक असतो. पोपटाची मान मुरगळली की राक्षस मेलाच पाहिजे. पाय मोडला की राक्षसाचा पाय मोडलाच पाहिजे. शेवटी कुणी म्हणालं की "राक्षसाकडे आणखी एक पोपट होता", तर पाच वर्षांचं मूलसुद्धा चिडेल. म्हणजे त्या गोष्टीनेही वचन दिलंय आणि पाळलंय. फरक एवढाच की वचन किती गोष्टींबद्दल दिलंय. लोककथा एकाच गोष्टीबद्दल देते. जी कादंबरी पहिल्याच पानावर नकाशा छापते, सैन्याची संख्या सांगते, सालं देते, ती आपण होऊन म्हणते की माझा हिशोब तपासा. मग आम्ही तपासतो. ज्याला तपासून घ्यायचं नसेल त्याने सालं देऊ नयेत.


उगाचच

सालं देऊ नयेत हे आवडलं. उरलेला अर्धा मी माझ्याकडे ठेवतो.


तोरणमाळ

अवांतर: ती न्यू ऑर्लिन्सची लढाई "तह झाल्यावर झाली" असं सर्रास सांगितलं जातं, पण दोन्ही बाजूंच्या मंजुरीनंतरच तह लागू व्हायचा होता, आणि अमेरिकेची मंजुरी फेब्रुवारी १८१५ मध्ये आली. म्हणजे कागदोपत्री युद्ध चालूच होतं.


शाईचा डाग

हो, आणि ही मंजुरीची अटदेखील संथ निरोपाचंच पिल्लू आहे. दूताने तिकडे काय कबूल केलं ते राजधानीला सह्यांनंतर कळणार, म्हणून मंजुरी. मूळ लेखात बदल करत नाही, तुमचा प्रतिसाद खाली आहेच.


गाडीवान

इथे कुणी खाण्याबद्दल का बोलत नाहीये?

कल्पित जगातली सैन्यं हवा खाऊन चालतात. एक सोपा हिशोब मांडतो, कागद घेऊन बसा. ओझ्याचा घोडा साधारण १०० किलो वाहतो. काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला दहा किलोच्या आसपास चारा-दाणा लागतो. वाटेत चरायला मिळालं तर निम्मं गवतावर भागतं, पाच किलो दाणा पाठीवरच्या पोत्यातून. म्हणजे वीस दिवसांत घोडा स्वतःचं सगळं ओझं खाऊन मोकळा. त्याला परतही यायचं असेल तर दहा दिवसांच्या वाटेवर तो काहीही पोचवू शकत नाही. नुसता जाऊन येतो. पाच दिवसांच्या वाटेवर, म्हणजे रोज तीस किलोमीटर धरले तर दीडशे किलोमीटरवर, निम्मं ओझं पोचतं. बर्फ किंवा वाळवंट असेल, गवत नसेल, तर हे सगळे आकडे निम्मे करा.

आता दहा हजारांचं सैन्य. माणशी दिवसाला एक किलो धान्य धरलं तरी रोज दहा टन. म्हणजे रोज शंभर घोड्यांचं ओझं, घोडदळाच्या घोड्यांचं खाणं वेगळंच. त्यामुळे खरी सैन्यं नदीच्या काठाने, किनाऱ्याने किंवा पिकलेल्या मुलखातून लुटत जायची. डोंगराच्या टोकावरच्या किल्ल्याला दोन वर्षं वेढा घालून बसलेलं तुमचं लाखाचं सैन्य खातंय काय, हे लेखकाने निदान स्वतःशी तरी सांगावं.

पाण्यावर मात्र हिशोब फिरतो. जहाज काही खात नाही (खलाशी खातात, पण मालाच्या मानाने किरकोळ). प्राचीन रोमची वस्ती दहा लाखांच्या घरात होती असा अंदाज केला जातो, आणि ते शहर जगलं ते इजिप्त, उत्तर आफ्रिका, सिसिलीहून जहाजाने येणाऱ्या धान्यावर. समुद्र किंवा मोठी नदी नसेल तर तेवढं शहर उभं करू नका. आणि शहर कितीही सुंदर काढा, बाहेर शेतं दाखवा. यंत्रं येण्यापूर्वी बहुतेक समाजांत दहातली आठ माणसं तरी शेतीत होती. मध्ययुगीन युरोपात गव्हाच्या एका पेरलेल्या दाण्यामागे तीन-चार दाणे हाती लागायचे, त्यातला एक पुढच्या पेरणीला ठेवायचा. मग जमीनदाराचा वाटा, देवळाचा वाटा. एक साल पाऊस चुकला की काय होत असेल ते यातून आपसूक कळतं. राजे भांडतात कशावरून, तर या उरल्यासुरल्या दाण्यावरून.


फासेपुराण

गाडीवानांशी सहमत, एक पुस्ती जोडतो. संगणक खेळात हे जसंच्या तसं करता येत नाही. राजधानी चालत ओलांडायला खरोखर दोन तास लागले तर कुणी खेळणार नाही. म्हणून वीस घरांना शहर म्हणायचं, टेकडीला पर्वत म्हणायचं, हा रंगभूमीसारखा संकेत आहे. खेळाडू तो आनंदाने पाळतात. ते बिथरतात ते प्रमाणावरून नव्हे, विसंगतीवरून. शहरात वीस घरं चालतात. पण विहीर एकही नाही, आणि लोहाराच्या दुकानात कोळसा नाही, हे खुपतं. मी नेहमी सांगतो की प्रत्येक वस्तीत तीन प्रश्नांची उत्तरं नजरेला पडू देत: पाणी कुठून, जळण कुठून, आणि घाण कुठे जाते. एकही संवाद न लिहिता जागा जिवंत होते.


अर्धविराम

मी हस्तलिखितं वाचण्याचं काम करते, त्यामुळे माझी तक्रार जरा वेगळी. लेखक हे सगळे हिशोब करतो हे उत्तमच. पण मग ते सगळे छापतो!

दोन शेतकरी बांधावर भेटतात आणि एक दुसऱ्याला म्हणतो, "तुला ठाऊकच आहे की आपल्या राज्याची स्थापना तीनशे वर्षांपूर्वी..." अहो, ठाऊक आहे ना, मग सांगता कशाला? माणसं आपल्या जगाबद्दल बोलतात ती तक्रार करताना, घासाघीस करताना, मुलांना दटावताना. करवसुलीची पद्धत समजावून सांगू नका; कारकून येतोय म्हणून एक बाई दोन बकऱ्या शेजारणीच्या गोठ्यात बांधते एवढं दाखवा. वाचक बाकीचं स्वतः जुळवतो, आणि स्वतः जुळवलेल्यावर त्याचा जास्त विश्वास बसतो.

दुसरं म्हणजे या जगांमध्ये सगळ्यांना सगळं एकसारखं माहीत असतं. हजार वर्षांपूर्वीच्या महायुद्धाची एकच हकीकत राजापासून गुराख्यापर्यंत! प्रत्यक्षात जिंकलेल्यांची हकीकत वेगळी, हरलेल्यांची वेगळी, आणि गुराख्याला युद्ध झालं होतं हेच माहीत नसणार. त्याच्या लेखी ते पडके बुरूज राक्षसांनी बांधलेले. दोन पात्रांना एकाच घटनेबद्दल वेगळं बोलू द्या आणि कोण खरं ते लेखक म्हणून ताबडतोब सांगून टाकू नका. नावांमध्येही हे दिसू द्या. जेते शहरांची नावं बदलतात, पण नद्यांची जुनी नावं पुष्कळदा टिकतात. उत्तर अमेरिकेत न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स ही वसाहतवाल्यांची नावं, आणि मिसिसिपी, मिसुरी ही तिथल्या मूळ लोकांच्या भाषांतली. तुमच्या नकाशात नदी एका भाषेतली आणि तिच्या काठचं शहर दुसऱ्या भाषेतलं असेल, तर एक ओळही न लिहिता आक्रमण सांगून झालं.

बुरुजांवरून आठवलं. हजार वर्षं ओसाड पडलेला पण दगडही न हललेला महाल! रोमच्या कलोसियममधला दगड लोकांनी शतकानुशतकं काढून नेला आणि त्यातून दुसऱ्या इमारती उभ्या केल्या. घडवलेला दगड म्हणजे फुकटचा माल, कोण सोडेल? जवळ वस्ती असून अवशेष शाबूत असतील तर लोक तिथे हात का लावत नाहीत याला कारण हवं. नाहीतर गावातल्या गोठ्याच्या भिंतीत एखादा कोरीव सिंह उलटा बसवलेला दाखवा.


मोरपिशी

उलटा सिंह मी चोरला आहे. आगाऊ धन्यवाद.


दोन चंद्र

आयडीवरून ओळखलंच असेल, मी आकाशवाली. :)

कल्पित जगाला दोन चंद्र लावणं स्वस्त असतं असा समज आहे. भरती-ओहोटीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाचा चंद्र निम्म्या अंतरावर आणला तर भरतीचा जोर आठपट. "आकाश व्यापणारा विशाल चंद्र" रंगवलात तर किनाऱ्यावर बंदरं कशी टिकतात ते बघावं लागेल.

पण खरी मौज पंचांगात आहे. समजा, थोरल्या चंद्राचं अमावास्या ते अमावास्या चक्र ५० दिवसांचं, धाकट्याचं २० दिवसांचं. एका रात्री दोन्ही अमावास्या एकत्र आल्या. तिथून १०० दिवसांनी पुन्हा तशीच काळी रात्र. मधे ५० व्या दिवशी थोरल्याची अमावास्या आणि धाकट्याची पौर्णिमा. सूर्य, दोन्ही चंद्र आणि ग्रह साधारण एका रेषेत, म्हणून त्या दिवशीही मोठं उधाण. म्हणजे कोळ्यांना दर पन्नास दिवसांनी होड्या वर ओढाव्या लागतात, एकदा मिट्ट काळोखात आणि एकदा उजेडात. आता दोन्ही पौर्णिमा एका रात्री कधी? कधीच नाही! धाकटा १०, ३०, ५०, ७० व्या दिवशी पूर्ण होणार आणि थोरला २५, ७५ व्या दिवशी. पाच दिवसांचं अंतर राहतंच. "दोन पूर्णचंद्रांच्या रात्री राजपुत्र जन्मला" असं लिहिणाऱ्याने हे एकदा तपासावं.

आणि तपासल्यावर आणखी छान लिहिता येतं. धाकट्याचं चक्र नेमकं २० ऐवजी २०.००१ दिवसांचं धरा. दर शंभर दिवसांत तो ०.००५ दिवस मागे सरकेल. पाच दिवसांचं अंतर भरून निघायला एक लाख दिवस, आपल्या मापाने २७४ वर्षांच्या आसपास. म्हणजे कधीही न घडलेली गोष्ट घडणार असं भाकीत आकडेमोडीने करता येतं. पिढ्यान्‌पिढ्या चंद्रांच्या नोंदी ठेवणारं एक घराणं, ज्यांना वर्ष ठाऊक आहे, आणि बाहेर कुणाचा विश्वास नाही. घ्या, भविष्यवाणीला जादू लागलीच नाही.


नदीकाठ

हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा.


फासेपुराण

आता प्रेतांकडे. शाईवाले, तुमच्या जगात मी खेळाडू म्हणून उतरलो तर पहिल्या तासात काय करेन ते सांगतो.

खून करायचा तर प्रेत सापडता कामा नये, किंवा तीन दिवस लपायला हवं. ते जमलं नाही तर मीच आधी कपाळावर हात ठेवणार. "एकदाच" म्हणालात ना? अर्धा तास मी वापरून टाकला की साक्ष संपली. म्हणजे प्रत्येक खुनी आपल्या बळीशी अर्धा तास बोलतो. काय बोलत असतील?

लढाईनंतर हरणारं सैन्य पळण्याआधी स्वतःच्याच मेलेल्या सरदारांचा अर्धा तास जाळून टाकणार, नाहीतर शत्रू त्यांच्याकडून किल्ल्याची गुपितं काढेल. त्यासाठी प्रत्येक तुकडीत एक माणूस नेमलेला असेल. सैनिक त्याच्याकडे कसे बघत असतील?


अर्धविराम

आणि घरात? श्रीमंत सासरा गेला की दारावर पहारा. कुणाचा हात आधी पडतो यावरून भावाभावांत मारामाऱ्या. छापखाना आहे म्हणताय, तर नामवंतांच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या पुस्तिका बाजारात विकल्या जाणार, निम्म्या बनावट. गरीब माणूस जिवंतपणीच आपला अर्धा तास सावकाराकडे गहाण टाकेल का? सावकाराला तो कशाला हवा असेल, हे मात्र मला सुचत नाहीये.


गाडीवान

सावकाराला तो अर्धा तास नकोच आहे. बायकापोरांना तो सोडवून घ्यावा लागेल, हे त्याला पक्कं माहीत आहे.


शाईचा डाग

गाडीवान, हे मी उचलतोय.

एक गोष्ट अजून ठरवलेली नाही: प्रेताला खोटं बोलता येतं की नाही. बोलता येत नसेल तर न्यायालयं आपल्यापेक्षा सोपी होतील, गुन्हेगार हुशार होतील आणि कथा गुन्ह्यांची होईल. बोलता येत असेल तर साक्षीला किंमत किती, यावरच कायद्याची शंभर पानं खर्ची पडतील, आणि मरणारा माणूस सूड घ्यायला निरपराध्याचं नाव घेऊ शकेल. माझा कल दुसरीकडे आहे. मेल्यावर सगळे खरं बोलतात हे जरा फुकटचं वाटतं.


तोरणमाळ

दुसरंच घ्या. पण मग एक ठरवा, आपण मेलोय हे प्रेताला कळतं का? कळत नसेल तर तो काही लपवायच्या भानगडीत पडणार नाही, आणि विचारणाऱ्याला अर्धा तास नाटक करावं लागेल. घरात आरसा झाकून ठेवतील.


उगाचच

मी हिशोबाच्या विरोधात आहे हे सगळ्यांना माहीत आहेच. तरी विचारतो. तीन दिवस मोजायचे कुठून? श्वास थांबल्यापासून, की नाडी थांबल्यापासून? बुडालेला माणूस चौथ्या दिवशी सकाळी किनाऱ्याला लागला आणि घरचे म्हणाले की तो रात्री मेला, अजून दोन दिवस बाकी आहेत, तर कोण ठरवणार? आणि कपाळावर हात ठेवून प्रेत बोललं नाही, तर मुदत संपली म्हणून नाही बोललं की कुणीतरी आधीच बोलून गेलंय म्हणून?


शाईचा डाग

उगाचच, तो बुडालेला माणूस माझ्या दुसऱ्या प्रकरणात येतोय. कोण आधी बोलून गेलं ते आठव्या प्रकरणाआधी सांगणार नाही. पहिलं प्रकरण लिहून झालं की इथेच दुवा देतो.